रद्द केलेलं हुमान

आमच्या वसाहतीत दिवाळीला न आलेली लेक जयंतीला येतेच. पुण्याला दिलेली असो, नाशिकला असो की इथंच आष्टीला, त्या आठवड्यात ती माहेरी असते. म्हणून जयंतीच्या आठवड्यात एका संध्याकाळी विहाराच्या अंगणात सामान्य ज्ञानाचा जो सामना होतो, त्यात दोनच संघ असतात. एक सुनांचा, एक लेकींचा. पुरुषांचा संघ एका वर्षी उतरवून पाहिला होता. तो पहिल्याच फेरीत पंचांशी भांडायला लागला, तेव्हापासून पुरुषांनी सतरंज्या घालायच्या आणि खाली बसून ऐकायचं, असं ठरलं आहे.

प्रश्न मी काढत आलो. मी बीडला एका सरकारी कचेरीत लेखा शाखेत आहे. बेरीज चुकलेली असली तर मला ती कागद हातात घेण्याआधी खुपते, अशी माझी ख्याती आहे आणि ती मला आवडते. प्रश्नांच्या बाबतीतही मी तसाच. प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी ताडून घेतो. पाकिटं चिकटवून वर सही करतो. आणि माझी बायको सुनांच्या संघाची कर्णधार असल्यामुळे ती पाकिटं घरी न ठेवता कचेरीतल्या कपाटात ठेवतो. हे मी चारचौघांत सांगतोही. घरातली माणसं समोर बसली असताना सांगतो, याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

यंदा विहाराच्या समितीनं एक नवा नियम केला. जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधारानं पुढच्या वर्षीचे प्रश्न काढायचे. कारण माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं गेलं नाही, पण एस.टी.त कंडक्टर असलेला माझा शेजारी अशा वेळी गप्प बसत नाही. तो म्हणाला, ‘‘आरं, तुझ्या प्रश्नांत आकडेच लई असतेत. बायका काय इथं तिकिटाचा हिशेब द्यायला येत्यात का?’’

मला थोडं लागलं, पण नियम योग्य होता. मीच त्यावर पहिली सही केली.

घरी सांगितलं तेव्हा बायको तव्यावर भाकरी उलटत होती. तिनं हात थांबवला आणि विचारलं, ‘‘म्हंजे आमी जिंकलो तर पाकीट माझ्या हातात?’’

‘‘तुझ्या हातात.’’

तिनं भाकरी तव्यावरून उतरवली. त्या दिवसापासून तिची तयारी सुरू झाली. ती विहारात संध्याकाळी वसाहतीतल्या मुलींचा अभ्यास घेते. स्वतः दहावीवर लग्न होऊन आली, बारावीची परीक्षा दुसरं लेकरू पोटाशी असताना दिली. आता दोन्ही लेकरं शिकायला बाहेर आहेत, तर ही मुलींना घेऊन बसते. त्या मुलींना ती एकदा म्हणाल्याचं मी खिडकीतून ऐकलं होतं, ‘‘उत्तर देणारी हुशार असतीच. पण प्रश्न काढणारीला कुणी कमी समजत न्हाई.’’ तिला ते पाकीट हवं होतं. त्या मुलींसमोर सही करून चिकटवलेलं, स्वतःचं. हे मला नीट माहीत होतं, म्हणून पुढचं जास्त बोचतं.

सामन्याच्या चार फेऱ्या असतात. सामान्य ज्ञान, अंक, शब्द आणि शेवटी हुमान. हुमान म्हणजे कोडं. आमच्याकडं कोडं घालतात त्याला हुमान घालणं म्हणतात. पहिल्या तीन फेऱ्या मी पुस्तकांतून आणि इकडून तिकडून जुळवायचो. हुमानाची फेरी दरवर्षी म्हाताऱ्या बायांकडून मागून आणलेल्या कोड्यांवर निघायची. ती कोडी सगळ्यांना पाठ. मी पहिला शब्द उच्चारला की अख्खं अंगण उत्तर ओरडायचं आणि गुण कुणाला द्यायचे ते कळायचं नाही.

यंदा मी ठरवलं, हुमानं नवी हवीत. कुणीच न ऐकलेली.

ती कशी सुचली तेही सांगतो. मार्चअखेरच्या कामाला मी आष्टीला गेलो होतो. परतताना एस.टी.च्या खिडकीतून ऊसतोडीहून गावी निघालेल्या ट्रॉल्या दिसत होत्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या, त्यावर बसलेली माणसं. आमचं गाव शिरूर कासारकडचं. माझे आईवडील उसाला जायचे. मी सहा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याबरोबर जात होतो, मग मला शाळेसाठी मामाकडं ठेवलं. मी त्या ट्रॉल्यांकडं बघत होतो आणि एकदम दोन ओळी डोक्यात आल्या:

एका सांजेत उभं ऱ्हातं, भिंत न्हाई, कडी न्हाई;
सहा म्हैने नांदवतं, जाताना कुणी रडत न्हाई.

उत्तर, कोपी. फडाजवळ तोडकरी राहायला घालतात ती पाचटाची झोपडी.

ओळी आल्या त्या आख्ख्या, चालीसकट आल्या. मी खूश झालो. ज्या माणसाला आयुष्यात वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा यमकात लिहिता आल्या नाहीत, त्याला आष्टीच्या रस्त्यावर अशा ओळी फुकट का मिळाव्यात, हा प्रश्न कुणाही हिशेबी माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. जमेच्या बाजूला काही आलं की आपण पावती मागत नाही. आणखी तीन हुमानं मी घासूनपुसून स्वतः बनवली, ती या एकासमोर अगदीच लाकडी होती. म्हणून हे शेवटी ठेवलं. त्याला वीस गुण.

सामन्याच्या दिवशी अंगण भरलं होतं. एका बाजूच्या सतरंजीवर सुना, दुसऱ्या बाजूला लेकी. लेकींची कर्णधार पुण्याला शिक्षिका आहे, बोलायला चटपटीत. आल्या आल्या तिनं माईकवर विचारलं, ‘‘काका, पाकिटं कचेरीतच होती ना? का काकूंनी भाजीच्या पिशवीतनं आणली?’’

हशा झाला. मी गंभीरपणे सांगितलं की पाकिटं कचेरीतच होती. ते पूर्ण खरं नव्हतं. शुक्रवारी ती मी घरी आणली होती, कारण सोमवारी मला कचेरीत न जाता परस्पर बाहेरच्या कामाला जायचं होतं. तीन रात्री ती माझ्या बॅगेत होती आणि सोमवारी सकाळी जेवणाचा डबा ठेवायला बायकोनं ती बॅग उघडली होती. हे मला तेव्हा आठवलं, आणि आठवलं ते नको तेवढं ठळक आठवलं.

पहिली फेरी बरोबरीत गेली. जिल्ह्यात तालुके किती, याला एका नव्या सुनेनं दहा सांगितलं, तर मागून तिची सासूच ओरडली, ‘‘अकरा! माझं माहेर ईसरली व्हय गं, वडवणी?’’ अंकांच्या फेरीत, एक ते शंभर लिहिताना नऊ हा आकडा किती वेळा येतो, याला लेकींनी दहा म्हटलं, सुनांतली एक एकोणीस पुटपुटली. माझी बायको डोळे मिटून बोटांवर मोजत होती. ती म्हणाली, ‘‘वीस. नव्याण्णवात दोन हायेत.’’ मला बरं वाटलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

शब्दांच्या फेरीत लेकी पुढं गेल्या. मी विचारलं, ‘‘तीन अक्षरांचा शब्द. पहिलं अक्षर काढलं तर फणसात सापडतो, शेवटचं काढलं तर त्याच्या लाकडाचं दार होतं, आणि पूर्ण शब्द बीडमधून कुठूनही दिसत नाही.’’ लेकींच्या कर्णधारानं गर, साग असं पुटपुटत एका दमात ‘‘सागर!’’ म्हटलं. उलटं वाचलं तरी तेच राहतं आणि पाण्यावर चालतं, हे विचारलं तेव्हाही ‘‘जहाज’’ तिनंच सांगितलं. कंडक्टर खालून म्हणाला, ‘‘आरं, बिंदुसरेत गुडघाभर पानी न्हाई आन् ह्यो सागर-जहाज करतोय.’’

हुमानाच्या फेरीआधी मी माईक हातात घेऊन उभा राहिलो आणि एक घोषणा केली. ती मला शब्दन् शब्द आठवते. ‘‘या फेरीतली सगळी हुमानं मी स्वतः रचली आहेत. ती कुठल्याही पुस्तकात नाहीत आणि आजपर्यंत कुणीही ऐकलेली नाहीत.’’ टाळ्या पडल्या. समितीच्या अध्यक्षांनी मान हलवली.

माझी तीन लाकडी हुमानं झाली. शेवटचं उरलं तेव्हा लेकी सत्तर, सुना पासष्ट. हे ज्यांना सुटेल ते जिंकणार. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागलो. ‘‘एका सांजेत उभं ऱ्हातं, भिंत न्हाई...’’

‘‘कोपी,’’ बायको म्हणाली.

मी अजून ‘कडी न्हाई’ म्हटलं नव्हतं. दुसरी ओळ तर पुरती कागदातच होती. मग कंडक्टरचा आवाज आला, नेहमीसारखा सगळ्यांच्या वर, ‘‘काय हो साहेब, पेपर घरातच फुटला की!’’

लोक हसले. तसं वाईट हसणं नव्हतं ते. त्या माणसाला थट्टा करायची जुनी सवय आहे, मी त्याच्याबरोबर हसलो असतो तर तिथंच संपलं असतं. पण लेकींच्या सतरंजीवरून आवाज आला, ‘‘काकूंना पेपर घरपोच!’’ आणि माझ्या डोळ्यांपुढं सोमवारची उघडी बॅग आली; पाकिटावरची सही फोडेपर्यंत शाबूत होती, हे डोक्यात आलंच नाही. ज्या गोष्टीचा मला अभिमान, त्याच गोष्टीवर लोक हसत होते.

बायको उभी राहिली. ‘‘मला येतं ते,’’ ती म्हणाली. ‘‘आधीपासून येतं.’’

मी माईकवरच बोललो. ‘‘आधीपासून येणं शक्य नाही. हे हुमान मी रचलंय.’’

तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘‘तुमी रचलंय?’’

‘‘मी रचलंय.’’

तिनं एकदा भरलेल्या अंगणाकडं, एकदा माझ्या हातातल्या माईककडं पाहिलं. मला तेव्हा वाटलं, ही पकडली गेली. मग ती एवढंच म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि पदर सावरून खाली बसली.

मी जाहीर केलं की शेवटचा प्रश्न रद्द करण्यात येत आहे. लेकी सत्तर, सुना पासष्ट. लेकी विजयी. टाळ्या जोरात पडल्या आणि त्यांतल्या काही माझ्यासाठी होत्या, हे मला कळत होतं. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘‘घरच्या माणसालाही सोडलं न्हाई,’’ ते म्हणाले. मी सतरंज्या उचलायला मदत केली. मला चांगलं वाटत होतं. लाज वाटायची सगळी कारणं तयार होती आणि मला चांगलं वाटत होतं.

पुढचे दिवस घरात काहीही बिघडलेलं नव्हतं. चहा वेळेवर, डबा भरलेला, इस्त्रीचे कपडे जागेवर. फक्त ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. ‘‘ग्यास संपत आलाय.’’ ‘‘नळ यायचाय.’’ मी समजलो, चोरी उघडी पडल्याचा राग आहे, उतरेल. एकदा विहारावरून जाताना तिच्या वर्गातल्या एका लहान मुलीचा आवाज ऐकला, ‘‘काकू, तुमी पेपर आधीच बगितला व्हता का?’’

‘‘न्हाई बाळा.’’

‘‘मग काकांनी मार्क कावून कापले?’’

तिनं काय उत्तर दिलं ते ऐकायला मी थांबलो नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात सतरंजीचा एक कोपरा रिकामा होता. दोघी बहिणींच्या आईनं त्यांना पाठवलं नव्हतं. बायको घरी येऊन म्हणाली, ‘‘लगीन हाय म्हणं त्यांच्याकडं.’’ लग्न कुणाकडं नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आठवड्याच्या शेवटी, रविवारी दुपारी विहारात सगळ्यांचं जेवण असतं. पालीला माझी थोरली बहीण राहते. आक्काचे गुडघे गेले आहेत, म्हणून ती सामन्याला आली नव्हती. जेवणाला तिला घेऊन यायचं म्हणून मी सकाळीच रिक्षा घेऊन गेलो. ती ओट्यापाशी स्टुलावर बसून चटणी कुटत होती. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, ‘‘तोंड का असं? भांडलास का?’’

मी तिला सगळं सांगितलं. खरं म्हणजे माझी बाजू सांगितली. पाकिटं, बॅग, पहिली ओळ पुरी होण्याआधी आलेलं उत्तर, नाइलाजानं घेतलेला निर्णय. तिनं माझ्या बाजूनं मान हलवावी अशी माझी अपेक्षा होती.

‘‘पर हुमान कंचं?’’ तिनं विचारलं.

‘‘मी केलेलं. तुला नाही माहीत.’’

‘‘घाल की.’’

मी म्हटलं, ‘‘एका सांजेत उभं ऱ्हातं, भिंत न्हाई, कडी न्हाई...’’

बत्ता चालूच होता. त्याच ठेक्यावर ती म्हणाली, ‘‘सहा म्हैने नांदवतं, जाताना कुणी रडत न्हाई. रडलं तर एक कुत्रं, त्याला बी कुणी नेत न्हाई.’’ मग बत्ता ठेवून माझ्याकडं बघत, ‘‘आरं, हे आईचं हाय की. तू कवा केलंस?’’

तिसरी ओळ माझ्याकडं नव्हतीच.

‘‘कोपीत पाऊस लागला की आई घालायची. तू लई बारका हुतास, माझ्या मांडीवर. कुत्र्याचं आलं की रडायचास. म्हणून तुझ्यासमोर ती शेवटची ओळ सोडून द्यायची.’’ आक्का हसली. मग तिचं हसू गेलं. ‘‘आन् तू ह्याच्यावरनं तिला चोर ठरीवलं?’’

‘‘तिला कसं येतं पण हे?’’ मी म्हणालो. म्हणता म्हणताच मला उत्तर कळलं होतं.

‘‘आई शेवटाला कुणाजवळ हुती? तुझ्याच घरात ना? ती पडून, ही उशाशी. दुसरं काय करत हुत्या त्या दोघी दीड वरीस?’’

ते दीड वर्ष मी आठवू लागलो. संध्याकाळी कचेरीतून आलो की मी आईच्या खोलीत डोकावायचो. गोळ्या झाल्या का, जेवलीस का, दुखतंय का. तिन्हींची उत्तरं घ्यायचो आणि बाहेर यायचो. दारातून मला त्या दोघींचं हसणं ऐकू यायचं, मी आत गेलो की दोघी गप्प व्हायच्या. मला वाटायचं, माझा मान ठेवतात.

रिक्षात आक्का शेजारी बसली होती आणि मी पुनःपुन्हा तीच बेरीज करत होतो. बायकोनं विचारलं होतं, ‘‘तुमी रचलंय?’’ मी म्हटलं होतं, ‘‘मी रचलंय.’’ तिला माहीत होतं ते कुणाचं आहे. तिला त्या क्षणी एवढंच सांगायचं होतं की हे तुमच्या आईचं. पण मी तर काही मिनिटांपूर्वी माईकवर सांगितलं होतं की हे कुणीही ऐकलेलं नाही. ती बोलली असती तर तिचे वीस गुण राहिले असते आणि मी अख्ख्या वसाहतीसमोर खोटा पडलो असतो. तिनं ‘‘बरं’’ म्हटलं आणि बसली.

जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. बायको खीर वाढत होती. मी तिला बाजूला बोलावून आधी सांगायला हवं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, जे माईकवर केलं ते माईकवरच दुरुस्त करावं. हिशेबात तसंच करतात. मी माईक घेतला आणि सांगितलं की ते हुमान मी रचलेलं नव्हतं, माझ्या आईचं होतं, मी लहानपणी ऐकून विसरलो होतो. सुनांच्या कर्णधारानं ते माझ्या आईकडूनच ऐकलं होतं. उत्तर बरोबर होतं. सुना पंच्याऐंशी, लेकी सत्तर. आणि मी सगळ्यांसमोर तिची माफी मागतो.

मग कंडक्टर. ‘‘म्हंजे पेपर फुटला न्हाई! पेपरच चोरीचा व्हता!’’

पंगत लोटपोट झाली. बरोबरच होतं ते. मी मान खाली घालून उभा राहिलो. बायको खिरीची बादली घेऊन पुढच्या पानाकडं सरकली होती. तिचा हात थांबला नव्हता.

पुण्याची ती लेक उठून तिच्याकडं गेली. ‘‘काकू, मग पुढच्या वर्षीचे प्रश्न तुमचे. हक्कच आहे तुमचा. मी त्या दिवशी उगं बोलले, मनावर घेऊ नका.’’

बायकोनं तिच्या पानात खीर वाढली. ‘‘न्हाई गं. तूच काढ. मार्क ह्यांनीच कापले, ह्यांनीच वाढीवले. त्यात माझं काय? मी पुढल्या वर्षी खेळून घेते.’’

‘‘अहो, पण तुम्ही जिंकलात.’’

‘‘जिंकले तवा टाळ्या कुणाला पडल्या, आठव की.’’

समितीनं मग तेच कायम ठेवलं. पुढच्या वर्षीचं पाकीट पुण्याला गेलं.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, ‘‘त्याच वेळी घरी येऊन तरी सांगायचं होतंस.’’

ती साडीची घडी करत होती. ‘‘काय सांगायचं? मला वाटलं तुमाला ठाव हाय.’’

‘‘काय ठाव?’’

‘‘की ते आत्याबाईंचं हाय.’’ माझ्या आईला ती आत्याबाई म्हणायची. ‘‘मला वाटलं, आईचं हुमान आपलं म्हणून सांगितलं आन् मी मधीच उत्तर दिलं, म्हणून मला गप केलं. एवढे दिवस मी लबाड माणसाला भाकरी करून घालतीय, असं समजून होते मी.’’

माझ्याविषयी लोक काहीही म्हणोत, लबाड कुणी म्हणालं नव्हतं. तिनं मनात म्हटलं होतं, आणि तरीही डबा भरला होता. मी तिच्याविषयी तेच समजत होतो आणि मी टाळ्या घेतल्या होत्या. दोघांनी एकमेकांना त्याच एका गोष्टीसाठी खोटं ठरवलं, पण तिनं मला झाकलं आणि मी तिला उघडं केलं. यात बरोबरी कुठल्याही अंगानं होत नाही.

‘‘एकदा इचारायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘माईक खाली ठेवून. तुला कसं येतं गं, एवढंच. सगळ्या गावाला प्रश्न इचारता.’’

त्या दोघी बहिणी आठवड्यानं वर्गात परत आल्या. त्यांच्या आईनं लग्नाचे लाडू म्हणून एक डबाही पाठवला. बायकोनं तो मुलींत वाटून टाकला. ‘पेपर फुटला’ ही थट्टा मात्र राहिली आहे. बायको भाजीच्या गाड्यावर भाव अचूक सांगते तेव्हा कुणीतरी म्हणतंच, ‘‘ह्यांना पेपर आधीच मिळतो.’’ ती हसते. मला हसू येत नाही.

आता ती कधी कधी मला आईची हुमानं घालते. शिक्षा म्हणून नाही, भाजी निवडताना, सहज. आतापर्यंत घातलेल्यांपैकी मला दोनच सुटली, तीही अर्धवट. परवा तिनं एक घातलं:

हाताला लागत न्हाई, उशाला बसतं;
घरधनी आला की उठून जातं.

मी म्हटलं, ‘‘झोप.’’

‘‘न्हाई.’’

‘‘सावली.’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग सांग.’’

‘‘पुढल्या वर्षी जिंकले तर पेपरात घालते. तवा कळंल.’’

मी आक्काला फोन केला. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘‘हे मला न्हाई ठाव. कोपीतलं न्हाई हे. हे आईनं नंतर केलं आसंल. तुझ्या घरात.’’

काल कचेरीतून जरा लवकर आलो. चपला काढताना स्वयंपाकघरातून बायकोचं हसणं ऐकू आलं. ती आक्काशी फोनवर बोलत होती, माझ्या आईच्या आवाजाची नक्कल करून काहीतरी सांगत होती आणि पलीकडून आक्काचं खिदळणं फोनबाहेर येत होतं. मी आत गेलो. ‘‘ठेवते,’’ ती फोनमध्ये म्हणाली. ‘‘चहा टाकू?’’

हुमानाचं उत्तर मला तिथंच, दारात उभ्या उभ्या मिळालं. मी ते सांगितलं नाही. ‘‘थोड्या वेळानं टाक,’’ म्हणालो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आतून पुन्हा फोन लावल्याचा आवाज आला, आणि मग हसणं.